भांडं आधी पालथं करा : घरासाठी जुनं घंगाळं किंवा हातघडणीचा वाडगा निवडताना

दिवाळी जवळ आली की मला हमखास दोन-चार जणी विचारतात, "दारात फुलं सोडायला एखादं जुनं घंगाळं हवंय गं, कुठं मिळेल? आणि खरं जुनं आहे हे ओळखायचं कसं?" घंगाळं म्हणजे पूर्वी आंघोळीचं पाणी काढायचं, दोन कड्यांचं रुंद तोंडाचं भांडं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी थोडं बसून बोलावं लागतं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

दुकानात भांडं कायम सुलटं मांडलेलं असतं, घासून-पुसून, वर दिवा लावून. समोरून सगळीच भांडी छान दिसतात. कुणी घडवलं, कशाचं आहे, किती वापरलं, कुठं सांधलं हे सगळं बुडाशी, काठाच्या आतल्या बाजूला आणि कड्यांच्या भोकांपाशी असतं. तेव्हा दुकानदाराला विचारा आणि भांडं आधी पालथं करा. खाली येईल त्यातलं बरंचसं या एका सवयीभोवतीच आहे.

आधी जागा, मग भांडं

बाजारात मोठं घंगाळं लहान दिसतं आणि घरी आल्यावर खोली भरून टाकतं. वर्तमानपत्राचा गोल कापा, जिथं भांडं ठेवायचंय तिथं दोन दिवस ठेवून द्या. येता-जाता पायात येतोय का, दार उघडताना आड येतोय का, बघा. मग त्याच मापाची सुतळी खिशात घालून बाजारात जा.

वजनाचाही विचार करा. १६ इंच व्यासाच्या घंगाळ्यात चार इंच पाणी भरलं तरी दहा-बारा लिटर होतं, आणि त्यात भांड्याचं स्वतःचं वजन वेगळं. काचेच्या टीपॉयवर किंवा भिंतीत ठोकलेल्या फळीवर असं काही ठेवू नका. तिथं उथळ परात, ताम्हन किंवा लहान वाडगा बरा.

नजर तयार व्हायला हवी

खरेदीच्या आधी एक दिवस नुसतं बघण्यासाठी काढा. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या, दिवे, अडकित्ते, भांडी, आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं. तिथं भांड्यांच्या कपाटापुढं अर्धा तास उभं राहिलात तर काठाची जाडी, कानांची ठेवण, पोटाचा गोल हे डोळ्यांत बसतं. अहमदाबादला गेलात तर विशालामधलं ‘वेचार’ हे खास भांड्यांचं संग्रहालयही चुकवू नका.

मग कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. आवाजाच्या मागं गेलं तरी पोचता. तिथं मठारकाम बघायला मिळतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं अडकवायचं, एका हातानं ते फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातानं गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके टाकत जायचे. ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि प्रत्येक ठोक्याचा लहानसा आरसा तयार होतो, म्हणून मठारलेल्या भांड्यावर उजेड सारखा हलताना दिसतो. मठारकाम शोभेसाठी असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आधी त्यानं मऊ पत्र्याला बळ येतं. शोभा त्या मागून येते. हे एकदा समोर बसून पाहिलं की साच्यात दाबून उठवलेले खोटे ठोके लांबूनही कळायला लागतात.

तांबं, पितळ, कांसं की नुसता मुलामा

खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. भांड्याच्या पोटाला तो चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर तांब्या-पितळेचा मुलामा. फक्त काठाला चिकटला तर मात्र घाबरू नका. जुन्या भांड्यांचा काठ बळकट व्हावा म्हणून पत्रा लोखंडी तारेवर वळवायची पद्धत होती. कड्याही कधीकधी लोखंडी असतात.

चुंबक चिकटला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. ॲल्युमिनियमवर मुलामा दिलेलं भांडंही चुंबकाला दाद देत नाही. ते उचलल्यावर कळतं, कारण ॲल्युमिनियमचं वजन तेवढ्याच तांब्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी भरतं. हाताला फसल्यासारखं हलकं लागलं की ठेवून द्या. शंका राहिलीच तर बुडाच्या आतल्या कडेला, जिथं कुणाला दिसणार नाही अशा जागी, दुकानदाराच्या परवानगीनं नखाएवढं घासून बघा. तांबं आत लालसरच निघतं, पितळ पिवळं.

कांसं मात्र कानानं ओळखायचं. तांबं साधारण ७८ भाग आणि कथील २२ भाग, असं हे मिश्रण. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारा. चांगलं कांसं देवळातल्या घंटेसारखं लांबवर वाजत राहतं. आवाज बद्द आला तर केसाएवढी का होईना, कुठंतरी चीर आहे. कांसं दिसतं दणकट, पण ठिसूळ असतं. हातून पडलं तर पोचा येण्याऐवजी तडकतं, आणि तडकलेलं कांसं जोडण्याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही.

आता पालथं करा

जुन्या भांड्याच्या बुडाची झीज एकसारखी कधीच नसते. घंगाळं न्हाणीघरात वर्षानुवर्षं एकाच फरशीवर टेकलेलं असतं, सरकवलेलं असतं. जिथं ते टेकतं तिथंच ओरखडे असतात, आणि ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. कड्या जिथं कानात अडकवल्या आहेत तिथली भोकं नीट बघा. पन्नास वर्षं कडी हलली असेल तर भोक गोल राहत नाही, वरच्या बाजूनं लांबट होतं आणि कडीही तेवढ्याच जागी बारीक झालेली असते. नव्याचं जुनं करून विकणारा भांड्याला काळं-हिरवं फासतो, पण कडीचं भोक झिजवत बसायला त्याला वेळ नसतो. मी तरी सगळ्यात जास्त विश्वास या भोकावर ठेवते.

आत कल्हईचे, म्हणजे आतून दिलेल्या कथलाच्या थराचे, अवशेष दिसतात का बघा. पांढुरके, चंदेरी पट्टे, बुडाशी जास्त आणि काठाकडं विरळ. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचे, त्या बोळ्याचे फटकारे कधीकधी अजून दिसतात. याचा अर्थ त्या भांड्यात अन्न शिजत किंवा वाढलं जात होतं.

सांधा शोधा. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेलं भांडं असेल तर सांधा नसतोच. दोन भागांचं असेल तर जुन्या कारागिरांनी पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवून झाळलेले, म्हणजे धातू वितळवून जोडलेले असतात. पोटाभोवती दातेरी पिवळी रेघ दिसते. तो दोष नाही, उलट ते हाताच्या कामाचं चांगलं लक्षण. आतून अगदी एकसारखी, एकाच केंद्राभोवतीची बारीक वर्तुळं दिसली, तर पत्रा यंत्रावर फिरवून आकार दिलेला आहे. असं भांडंही आवडलं तर जरूर घ्या, फक्त हातघडणीचे पैसे देऊ नका.

मठारकामाचे ठोके बोटानं चाचपा. हाताचे ठोके एकमेकांवर थोडे चढलेले असतात, बुडाच्या मध्यापासून ओळीनं काठाकडं जातात आणि वळणावर लहान होतात. साच्यातले ठोके मापानं सारखे असतात, कडा बोथट असतात आणि दोन ठोक्यांमध्ये सपाट जागा सुटलेली असते.

ओतीव भांड्यांचं वेगळं. केरळची उरुळी, म्हणजे स्वयंपाकाचं पसरट भांडं, पत्रा ठोकून करत नाहीत, मेणाचा आकार करून त्याभोवती मातीचा साचा बांधतात आणि मेण वितळवून तिथं धातू ओततात. म्हणून तिचा काठ जाड, वजन दणदणीत आणि अंगावर बारीक खड्डे असतात. हल्ली फुलं सोडायला मिळणाऱ्या बऱ्याचशा ‘उरुळ्या’ पातळ पितळी पत्र्याच्या असतात. दिसायला वाईट नाहीत, पण एका हातानं सहज उचलली जाणारी मोठी उरुळी ओतीव नाही, एवढं लक्षात ठेवा.

नावं वाचा

आपल्याकडं भांड्यांवर नाव घालायची रीत आहे आणि ती खरेदीदाराच्या फार कामाची आहे. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं काठाखाली शोधा. ‘चि. सौ. कां.’ असेल तर लग्नातलं. नुसतं आडनावाचं आद्याक्षर असेल तर वाड्यातल्या किंवा जातपंगतीच्या भांड्यांत आपलं भांडं हरवू नये म्हणून घातलेलं. कधी तारीख असते, कधी शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या बऱ्याच तिथींना ७९). म्हणजे ‘शके १८६०’ दिसलं तर १९३८-३९. वयाचा असा पुरावा दुकानदाराच्या शंभर शपथांपेक्षा मोलाचा.

यात एक जागा सांभाळा. देवस्थानाचं, मठाचं किंवा संस्थेचं नाव कोरलेलं असेल तर ते भांडं बाजारात कसं आलं हे विचारा आणि समाधान होईपर्यंत घेऊ नका.

ही नावं मला इतकी का महत्त्वाची वाटतात ते सांगते. माझं पहिलं घंगाळं मी एका ओळखीच्या घरातून आणलं. काळं ठिक्कर पडलेलं, काठाखाली ठिपक्यांची दीड ओळ : नाव, गाव आणि ‘यांजकडून भेट’. मला ते लखलखीत हवं होतं, म्हणून पॉलिशला दिलं. संध्याकाळी आणायला गेले तर घंगाळं आरशासारखं चमकत होतं आणि काठाखाली काहीच नव्हतं. फिरत्या बफच्या चाकानं ठिपके पुसून टाकले होते. बोट फिरवलं तर एका ठिकाणी जरासं खरखरीत लागलं, बहुधा ‘भेट’मधला ‘ट’. ते नाव मी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही भांडं हातात आलं की आधी नावाचा फोटो काढते, आणि यंत्रानं पॉलिश करून घेणं पूर्ण बंद केलं आहे.

भाव कसा करावा

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, नाशकात भांडी बाजार. याशिवाय जवळपास प्रत्येक गावात मोड, म्हणजे वितळवायची जुनी भांडी, वजनावर घेणारं एखादं भांड्याचं दुकान असतंच, आणि माझा अनुभव विचाराल तर चांगलं भांडं तिथंच स्वस्तात मिळतं. स्टील घरोघरी आलं तेव्हा तांब्या-पितळेची केवढी तरी भांडी अशा दुकानांतून वितळायला गेली. अजूनही जातात.

भाव करायची माझी पद्धत साधी आहे. सकाळी एखाद्या भांड्याच्या दुकानात मोडीचा आजचा भाव विचारायचा. मग बाजारात भांडं वजन करून घ्यायचं. वजन गुणिले मोडीचा भाव ही झाली धातूची किंमत, तिच्या खाली कुणी देणार नाही. वरची रक्कम कारागिरीची, वयाची आणि विक्रेत्याच्या कष्टाची. ती किती द्यायची ते तुम्ही ठरवा, पण आपण कशाचे पैसे देतोय हे कळलं पाहिजे.

"दादा, वजन करून दाखवता का?"

"ताई, अँटिक पीस आहे, किलोवर नाही विकत आम्ही."

"किलोवर नकोच मला. तुमचाच भाव सांगा, पण वजन बघू द्या."

बहुतेक जण काटा पुढं करतात. मुळीच तयार झाले नाहीत तर मी पुढच्या पथारीवर जाते. एक मात्र करू नका. मठारलेलं नवं भांडं घडवणाऱ्या तांबटाकडं मोडीच्या हिशोबानं घासाघीस करू नका. तिथं तुम्ही दिवसभराच्या ठोक्यांचे पैसे देत असता.

निघण्याआधी पाणी मागून भांडं भरा, खाली कोरडा कागद घाला आणि दहा मिनिटं गप्पा मारा. कागद ओला झाला तर भोक आहे. शोभेसाठी घेताय तर तेवढ्यावरून सोडायला नको, आत काचेचा वाडगा बसवता येतो. पण भाव तेवढा उतरला पाहिजे.

माती, लाकूड आणि बिदरी

मातीचा वाडगाही पालथाच करायचा. चाकावरचं भांडं कुंभार दोऱ्यानं कापून उचलतो, त्याच्या शिंपल्यासारख्या वळत गेलेल्या रेघा बुडावर राहतात. आतून बोट फिरवलं तर मध्यापासून वर चढत गेलेले बोटांचे वळसे लागतात. साच्यातल्या भांड्यात हे काही नसतं, बाजूनं साच्याची उभी पुसट रेघ मात्र असते. जुन्या रंगीत, चकचकीत लुकणाच्या (ग्लेझच्या) वाडग्यात शिसं असू शकतं, तेव्हा शोभेपुरताच ठेवा, त्यात लोणचं किंवा दही काढू नका.

जयपूरची निळी भांडी मातीची नसतातच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचा गोळा साच्यात घालून ती करतात. गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. ती फार नाजूक असतात. काठाला टवका उडालेला नाही ना, एवढं बघा आणि पाणी भरून ठेवू नका.

बीदरच्या बिदरी कामात जस्ताच्या भांड्यात चांदी ठोकून बसवलेली असते आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावून जस्त काळं करतात. चांदी पांढरीच राहते. इथं बोटाचं टोक फिरवा. चांदी पृष्ठभागाशी सपाट लागली पाहिजे. बिदरीला चिंच, लिंबू, पॉलिश काही लावायचं नाही, काळा रंग जातो. मऊ फडकं आणि खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

जुनी काठवट मिळाली तर सोडू नका. भाकरीचं पीठ मळायची, अखंड लाकडातून कोरलेली ही परात जेवणाच्या टेबलावर फळांसाठी इतकी सुरेख दिसते की दुसरं काही ठेवावंसं वाटत नाही. ती पांढऱ्या कागदावर पालथी धरून ठोका. पिवळट भुकटी गळली तर आत किडा जिवंत आहे. घरी आणून जवसाचं तेल पातळ लावून पुसून घ्या आणि दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते लाकडात वाळत नाही आणि खवट वास धरतं. एसीच्या झोताखाली किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवली की लाकूड उलतं.

घरी आणल्यावर

घाई करू नका. पहिल्या दिवशी नुसतं साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. वर्षानुवर्षांनी आलेला तपकिरी रंग आवडला तर तसाच राहू द्या, त्यानं धातूला इजा होत नाही. हिरवी भुसभुशीत कळंक मात्र काढलीच पाहिजे. चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी किंवा लिंबू-मीठ यानं ती निघते. चोळताना नावाची बाजू सोडा, तिथं फक्त मऊ ब्रश. आंबट लावलं की लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि त्याच क्षणी कोरडं करायचं. ओलं राहिलं तर सकाळी डाग ठरलेला.

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ताक, सोलकढी, आमटी काही ठेवू नका, कळकतं. पाहुण्यांसाठी कोशिंबीर वाढायचीच असेल तर आधी कल्हई करून घ्या. कांशाला कल्हई लागत नाही, पण आंबट त्यातही नको.

परदेशातल्या मुलांसाठी भांडं घेणाऱ्यांनी १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवावा. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका येईल असं भांडं असेल तर ते पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. विमानतळावर ऐनवेळी अडकण्यापेक्षा ते बरं.

आणि फुलं सोडलेलं पाणी रोज बदला. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेघेपाशी चिकटून राहतात. तेव्हा नुसतं पाणी ओतून भागत नाही, फडक्यानं ती रेघ चोळून काढावी लागते. झेंडूच्या पाकळ्या काठाला चिकटलेल्या असतात, त्याही पुसा. मग कोरडं करून घंगाळं रात्रभर पालथं घालून ठेवा.